एक्स-रे आधी झाला, दिवस गेल्याचं नंतर कळलं: डोस कसा काढायचा?

फिल्मबॅज

नागपूरच्या आरोग्याच्या गटांवर दर आठ-पंधरा दिवसांनी तोच प्रश्न फिरून येतो. एक्स-रे काढला, मग पाळी चुकली, पट्टीवर दोन रेघा आल्या, आता काय करायचं? खाली उत्तरं येतात ती दोनच तऱ्हेची. एकजण म्हणतो काही होत नाही, दुसरा म्हणतो धोका कशाला पत्करता, काढून टाका. एक्स-रे दाताचा होता की कंबरेचा, हे विचारायची तसदी दोघंही घेत नाहीत. म्हणून हा धागा.

'रेडिएशन झालं का?' एवढ्या प्रश्नावर डॉक्टरलाही काही सांगता येत नाही. किरणांचा झोत शरीरावर नेमका कुठे पडला, त्या तारखेला गर्भ किती दिवसांचा होता (की नव्हताच), आणि गर्भाशयापर्यंत किती मिलिग्रे (शरीरात मुरलेल्या किरणांचं माप) पोचले, हे कळलं की मग बोलता येतं.

गर्भाला पोचणाऱ्या डोसचे पल्ले मिलिग्रेमध्ये देतो:

हात, पाय, मान: ०.००१ पेक्षा कमी
दात, मॅमोग्राफी, डोक्याचं सीटी: ०.०१ च्या आत
छातीचा एक्स-रे: ०.०००५ ते ०.०१
छातीचं सीटी: ०.०१ ते ०.६६
पोटाचा साधा एक्स-रे: ०.१ ते ३
कंबरेचा मणका: १ ते १०
पोटाचं सीटी: १.३ ते ३५
ओटीपोटाचं सीटी: १० ते ५०
पूर्ण शरीराचं पेट-सीटी: १० ते ५०

आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. एकही तपासणी केली नाही, तरी जमीन, भिंती, अन्न आणि आकाशातून येणाऱ्या किरणांपायी गर्भाला नऊ महिन्यांत ०.५ ते १ मिलिग्रे मिळतातच, धंतोलीत राहा की कामठीत. छातीच्या एक्स-रेचा वरचा आकडा धरला तरी तो याच्या पन्नासाव्या-शंभराव्या हिश्शाएवढा भरतो.

५० मिलिग्रेच्या खाली व्यंग, गर्भपात किंवा वाढ खुंटणं वाढल्याचं दिसलेलं नाही. किरणोत्सर्ग संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने २००० साली ८४ क्रमांकाची पुस्तिका खास गरोदरपणावर काढली. १०० मिलिग्रेच्या खालच्या डोससाठी केवळ किरणांच्या कारणाने गर्भपात करणं समर्थनीय नाही, असं तिच्यात स्पष्ट म्हटलं आहे. वरच्या यादीतली कुठलीही तपासणी एकदा झाली तर ती ५० च्या आतच राहते. गडबड होते ती एकापाठोपाठ दोन-तीन झाल्या की. त्याबद्दल पुढे लिहितो.

नागनदी

छाती कुठं अन् ओटीपोट कुठं. मधात वीतभर जागा असून गर्भाले थोडं तरी काहून पोचते?

कोलिमेटर

नागनदी भाऊ, झोत छातीवरच पडतो, पण आत शिरलेले किरण हाडामांसावर आपटून चहूकडे विखुरतात. त्यातले थोडे शरीराच्या आतूनच खाली उतरतात. तो पल्ला आहे तो या विखुरलेल्यांचा. आता हे किरण आतून येतात, हे लक्षात ठेवा, कारण अ‍ॅप्रनचा विषय निघणारच आहे.

तंत्रज्ञाच्या बाजूने लिहितो, कारण तोच छातीचा एक्स-रे एका ठिकाणी ०.०००५ देतो आणि दुसरीकडे ०.०१, आणि हा वीसपट फरक आकाशातून पडत नाही.

पहिली चूक झोत उघडा ठेवण्याची. मशिनच्या डोक्यावर दिवा असतो, तो जेवढा चौकोन उजळतो तेवढ्यावरच किरण पडतात. छातीसाठी तो चौकोन फुप्फुसांच्या तळाशी कापायचा. घाईत तो १४ बाय १७ इंचाच्या पूर्ण कॅसेटएवढा (शरीरामागे ठेवतात त्या एक्स-रेच्या पाटीएवढा) सोडला, की लहानखुऱ्या बाईचं अर्धं पोट झोतात येतं. जुन्या फिल्मवर हे लगेच दिसायचं, कमरेच्या हाडाची कड खाली डोकावायची. डिजिटलमध्ये तंत्रज्ञ चित्र नंतर संगणकावर कापतो, रिपोर्टला फक्त छाती जाते आणि पोटावर किरण पडले होते हे कुणालाच कळत नाही. म्हणून शंका असेल तर कापलेलं चित्र बघू नका, मूळ चित्र मागा.

दुसरी, पुन्हा काढणं. मंगळसूत्र, साखळी, ब्लाउजच्या पिना, खांद्यावर आलेली ओली वेणी, श्वास अर्धवट धरलेला, खांदे वाकडे. प्रत्येक चुकीला एक जादा एक्स-रे. दागिने आधी काढायला सांगणं आणि श्वासाची एकदा तालीम करून घेणं याला अर्धा मिनिट लागतो.

तिसरी चूक डिजिटलची देणगी. पूर्वी डोस जास्त झाला की फिल्म काळी पडायची, तंत्रज्ञाला शिव्या बसायच्या आणि तो पुढच्या वेळी कमी करायचा. आता जास्त डोसचं चित्र उलट जास्त छान दिसतं, त्यामुळे एमएएस (किती किरण सोडायचे ते ठरवणारा आकडा) कुणी कमी करत नाही आणि आकडा वर्षानुवर्षं सरकत राहतो.

गरोदर बाईची छाती उभी करून, पाठीकडून, १८० सेंटिमीटरवरून, जास्त केव्हीवर (किरणांचा जोर ठरवणारा आकडा) काढावी. बाजूने काढलेल्या एक्स-रेला डोस कितीतरी जास्त लागतो आणि बहुतेक वेळा त्याची गरजच नसते, त्यामुळे 'दोन्ही व्ह्यू' असं सवयीने लिहिलेलं असेल तर डॉक्टरांना फोन करून विचारावं.

अजनीवाली

तारखांबद्दल मी लिहिते, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. किरणांच्या परिणामांच्या कोष्टकांत आठवडे गर्भधारणेपासून मोजलेले असतात. आपल्या फाइलवर ते शेवटच्या पाळीपासून लिहितात. दोन्हींत सुमारे दोन आठवड्यांचा फरक. एकाचा आकडा दुसऱ्या कोष्टकात घातला की भलताच निष्कर्ष निघतो.

उदाहरण घ्या. पाळी नियमित, २८ दिवसांची. शेवटची पाळी ३ जूनला आली.

कंबरेचा एक्स-रे १२ जूनला काढला. फाइलनुसार त्या दिवशी 'एक आठवडा दोन दिवस'. प्रत्यक्षात बीजांड १६-१७ जूनच्या आसपास सुटणार होतं. १२ तारखेला गर्भ नव्हताच, त्याला डोस मिळायचा प्रश्न येत नाही. असे फोन सर्वात जास्त असतात.

तोच एक्स-रे २८ जूनला काढला. पाळीपासून २५ दिवस, गर्भधारणेपासून ११ दिवसांच्या आसपास. गर्भ नुकताच रुजतो आहे. या पहिल्या दोन आठवड्यांत परिणाम झालाच तर 'असेल किंवा नसेल' असा होतो. डोस फार मोठा असेल तर गर्भ टिकत नाही, पाळी थोडी उशिरा येते. टिकला तर बाकीच्या पेशी भरपाई करतात. त्यासाठीसुद्धा ५० ते १०० मिलिग्रे लागतात, आणि कंबरेच्या एक्स-रेत १ ते १० असतात.

तोच २० जुलैला काढला. पाळीपासून सहा आठवडे पाच दिवस, गर्भधारणेपासून जवळपास पाच आठवडे. अवयव घडण्याचा काळ. ऐकायला घाबरवणारा, पण व्यंगाची पातळी इथे २०० मिलिग्रेच्या आसपास आहे. १० मिलिग्रे झाले तरी आपण तिच्या विसाव्या हिश्शावर असतो.

यापुढचा टप्पा, गर्भधारणेपासून ८ ते १५ आठवडे, मेंदूसाठी सगळ्यात नाजूक. हिरोशिमा आणि नागासाकीला आईच्या पोटात असलेल्या मुलांच्या अभ्यासातून हे कळलं. त्या काळातल्या डोससाठी बुद्ध्यंकात १,००० मिलिग्रेला सुमारे २५ गुणांची घट धरतात. त्या हिशोबाने १० मिलिग्रेला पाव गुण येतो, आणि तो कुठल्याही चाचणीत मोजता येणार नाही. १६ ते २५ आठवड्यांत हा धोका बराच कमी होतो.

पाळी अनियमित असेल, पीसीओएस असेल, किंवा तारीखच आठवत नसेल, तर पाळीपासून मोजण्यात अर्थ नाही. लवकरच्या सोनोग्राफीत गर्भाची लांबी, म्हणजे सीआरएल, मोजून तारीख पक्की करा आणि मग एक्स-रेची तारीख तिच्यावर बसवा.

बर्डीकर

व्यंगाचं समजलं. कॅन्सरचं काय? त्याला पातळी नसते म्हणतात ना.

फिल्मबॅज

बरोबर. व्यंगाला पातळी आहे. कॅन्सरच्या बाबतीत, पातळी नाही आणि धोका डोसबरोबर थोडाथोडा वाढतो, असं धरून चालतात. १९५० च्या दशकात ऑक्सफर्डमध्ये अ‍ॅलिस स्ट्युअर्ट यांनी लहानपणी कॅन्सर झालेल्या मुलांच्या आयांना प्रश्न विचारले, तेव्हा गरोदरपणी पोटाचे एक्स-रे काढलेल्या आया त्यांत जास्त निघाल्या. त्या काळी बाळंतपणाआधी कटी, म्हणजे बाळ बाहेर येण्याची हाडांमधली वाट, मोजायला सर्रास एक्स-रे काढत आणि तेव्हाच्या मशिनचा डोसही जास्त असायचा. ती पद्धत मोडली ती या अभ्यासामुळेच.

आकडे त्याच ८४ क्रमांकाच्या पुस्तिकेतले. काहीही किरण न घेता हजारात ३ मुलांना बालपणी कॅन्सर होतो. गर्भाला १० मिलिग्रे मिळाले तर ४ धरा. ५० मिळाले तर ६. १०० मिळाले तर ९. १ किंवा ५ मिलिग्रेला आकडा ३ वरून हलत नाही. व्यंगाशिवाय जन्मणारी मुलं शंभरात ९७, आणि हा आकडा ० पासून १०० मिलिग्रेपर्यंत ९७ च राहतो. म्हणजे कसलाही एक्स-रे न काढलेल्या शंभर बायकांतही तीन बाळांना काहीतरी जन्मजात असतंच, आणि गर्भपातही सुमारे १५ टक्के गर्भधारणांत आपोआप होतात. हे आधी सांगितलं नाही तर पुढे काहीही झालं की खापर त्या एक्स-रेवर फुटतं.

अजनीवाली

त्यात भर. गर्भ ठेवायचा की नाही, हा निर्णय बाईचा. गर्भपाताचा १९७१ चा कायदा आणि २०२१ ची दुरुस्ती तिच्या बाजूने आहे, त्यावर कुणी बोट ठेवू नये. पण हवा असलेला गर्भ छातीच्या एक्स-रेच्या धास्तीने पाडला जातो, तेव्हा तिला आकडा कुणी सांगितलेलाच नसतो. १९८६ च्या चेर्नोबिलनंतर ग्रीसमध्ये हेच झालं. तिथे गर्भापर्यंत पोचलेला डोस १ मिलिसीव्हर्टच्याही (इथे मिलिग्रेएवढाच धरा) आत होता, तरी सुमारे २,५०० हव्या असलेल्या गर्भधारणा भीतीपोटी थांबवल्या गेल्याचा अंदाज नंतरच्या अभ्यासात निघाला.

नागनदी

एक विचारून राहिलो. सीटीच्या सीडीत 'डीएलपी ४५०' दिसते. हे त ५० च्या नऊपट झालं ना बाप्पा?

मापक

नाही जी. डीएलपी म्हणजे डोस गुणिले स्कॅनची लांबी, एकक मिलिग्रे-सेंटिमीटर. त्याची तुलना ५० शी करायची नसते. निम्मी घाबरगुंडी या एका आकड्याने उडते. बघायचा तो सीटीडीआय-व्हॉल, म्हणजे एका फेरीतला सरासरी डोस, तो मिलिग्रेमध्ये असतो.

सीटीच्या सीडीत किंवा केंद्राच्या संगणकावर शेवटच्या चित्रांत एक काळं पान असतं, त्यावर पांढऱ्या अक्षरांत तक्ता. तो डोस रिपोर्ट. सीडी देताना बरीच केंद्रं तो टाकत नाहीत, म्हणून 'डोस रिपोर्टचं पान पण द्या' असं सांगून मागायचं. तिथे प्रत्येक फेरीची एक ओळ असते.

ओटीपोट झोतात आलं असेल, तर गर्भाचा डोस ढोबळमानाने त्या फेरीच्या सीटीडीआय-व्हॉलच्या आसपास येतो. हा आकडा ३२ सेंटिमीटर जाडीच्या प्लॅस्टिकच्या ठोकळ्यावर मोजलेला असतो, त्यामुळे बारीक बाईत प्रत्यक्ष डोस थोडा जास्त भरतो. एका फेरीला ९ दिसले आणि फेऱ्या तीन झाल्या (आधी साधी, मग औषध टोचून, मग उशिराची), तर बेरीज २७. फिल्मबॅज यांनी सुरुवातीला म्हटलेली गडबड हीच. गरोदर बाईचं पोटाचं सीटी करावंच लागलं तर एकच फेरी, गरज तेवढ्याच भागाची. मुतखड्यासाठी केलं तर कमी डोसचा प्रोटोकॉल लावायला सांगावं. आपल्याकडे उन्हाळ्यात खड्याचे रोगी वाढतात, त्यात गरोदर बायाही असतात. त्यांच्यात पहिली तपासणी सोनोग्राफीच.

साध्या एक्स-रेसाठी केव्ही, एमएएस, अंतर आणि किती चित्रं काढली (वाया गेलेली धरून) एवढं लिहून घ्या. नव्या मशिनमध्ये हे चित्राच्या माहितीत साठवलेलंच असतं. मेडिकल फिजिसिस्टला यावरून हिशोब करता येतो. तो नसेल तर रेडिओथेरपी असलेल्या मोठ्या रुग्णालयात विचारा, कारण रेडिओथेरपीला मेडिकल फिजिसिस्ट लागतोच.

जुन्या कागदांवर 'रॅड' दिसेल. १ रॅड म्हणजे १० मिलिग्रे. '५ रॅडची मर्यादा' म्हणजे हीच आपली ५०.

 

सदर_छावणी

पण पोटावर शिशाचा अ‍ॅप्रन टाकला असता तर हे सगळं टळलं नसतं का? अ‍ॅप्रन न देणारी केंद्रं सरळ बेजबाबदार आहेत.

कोलिमेटर

आलाच अ‍ॅप्रन. वर लिहिलंय तेच पुन्हा: छातीच्या एक्स-रेत गर्भाला जे काही मिळतं ते आतून विखुरून येतं. बाहेर ठेवलेलं शिसं त्याला अडवू शकत नाही. झोताबाहेर ठेवलं तर फरक जवळपास नाही. झोतात आलं तर उलटं होतं. मशिनला आपोआप डोस ठरवणारं यंत्र असेल तर त्याला वाटतं माणूस जाड आहे, ते किरणांचा मारा वाढवतं आणि बाईला जास्त डोस बसतो. किंवा शिसं नेमका हवा तो भाग झाकतं आणि एक्स-रे पुन्हा काढावा लागतो. म्हणूनच अमेरिकेतल्या मेडिकल फिजिसिस्टांच्या संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये रोग्याला गर्भासाठी किंवा जननेंद्रियांसाठी असं शिसं लावायची सर्रास पद्धत बंद करा असं सांगितलं.

सदर_छावणी

तरी अ‍ॅप्रन घातला की बाईला धीर येतो, तेही काहीतरी आहे.

कोलिमेटर

मान्य. मागितला तर द्यावा, फक्त झोताच्या बाहेर नीट बसवून. पण अ‍ॅप्रन दिला म्हणून दिव्याचा चौकोन मोकळा सोडला तर तो धीर खोटा. ज्या केंद्रात चौकोन नीट कापतात ते, अ‍ॅप्रन देऊन पूर्ण कॅसेट उजळणाऱ्या केंद्रापेक्षा बरं. अ‍ॅप्रनची घडी घालून कोपऱ्यात टाकलेला दिसला तर तेही लक्षात ठेवा, घडीवर शिसं चिरतं. त्याला खुंटीवर टांगायचं असतं.

पांढरीपेशी

आपल्याकडच्या एका गोष्टीबद्दल लिहिल्याशिवाय हा धागा पुरा होणार नाही. पूर्व विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार खूप आहे. सिकलसेल असलेल्या गरोदर बाईला ताप, छातीत दुखणं, धाप, ऑक्सिजन उतरणं असं झालं, तर 'अ‍ॅक्यूट चेस्ट सिंड्रोम' आहे का हे बघावं लागतं, आणि त्याच्या व्याख्येतच छातीच्या एक्स-रेवरचा नवा डाग आहे. तो एक्स-रे ०.०१ मिलिग्रेच्या आत. इकडे उपचार लांबला तर आईचं फुप्फुस काही तासांत निकामी होऊ शकतं, आणि आईचा ऑक्सिजन उतरला की गर्भाचाही उतरतो. 'पहिले तीन महिने आहेत, एक्स-रे नको' असं म्हणून थांबणारे नातेवाईक असतात, कधी केंद्रावरचा माणूसही परत पाठवतो. अशा वेळी चिठ्ठीवर 'गरोदर, तातडीचं, फायदा जास्त' असं डॉक्टरांनी स्वतः लिहून सही करावी. मग तंत्रज्ञही अडत नाही.

फुप्फुसात गुठळी अडकल्याची शंका असेल, तरी तीच गोष्ट. गरोदरपणात गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, सिकलसेलमध्ये आणखी. पाय सुजला असेल तर आधी पायाचा डॉप्लर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी), त्यात गुठळी दिसली तर छातीचं सीटी न करताही उपचार सुरू करता येतात. नाही दिसली आणि शंका टिकली तर सीटी अँजिओ (छातीच्या रक्तवाहिन्यांचं सीटी) करावंच. त्यात गर्भाला १ मिलिग्रेही मिळत नाही. आईच्या स्तनांना मात्र त्याच्या कितीतरी पट मिळतो, तो विचार वेगळा.

दोन आठवड्यांवर खोकला असेल तर थुंकी तपासणी आणि छातीचा एक्स-रे, दोन्ही करावं. न ओळखलेला टीबी बाळाला या एक्स-रेपेक्षा फार महागात पडतो.

अजनीवाली

अपेंडिक्सची शंका असेल तर क्रम असा: सोनोग्राफी, तीत कळलं नाही तर एमआरआय, तोही वेळेत मिळत नसेल तर सीटी. अपघातात मात्र क्रम पाळत बसायचं नाही, सीटी लागलं तर सीटी. फुटलेलं अपेंडिक्स गर्भपात घडवू शकतं. एका सीटीने तसं होत नाही.

बर्डीकर

एमआरआय आणि टोचायच्या औषधांबद्दल लिहा कुणीतरी. दोन्ही एकच समजतात लोक.

मापक

एमआरआयमध्ये एक्स-रे नसतातच, चुंबक आणि रेडिओलहरी असतात. पहिल्या तिमाहीतही गरज असेल तर करता येतो. त्यात टोचायचं गॅडोलिनियम मात्र टाळायचं. ते नाळेतून गर्भात जातं, गर्भजलात उतरतं, बाळ ते पुन्हा गिळतं. कॅनडातल्या ओंटारिओमधला २०१६ चा मोठा अभ्यास आहे. पहिल्या तिमाहीतल्या साध्या एमआरआयने बाळांना हानी दिसली नाही. गॅडोलिनियम मिळालेल्यांत मृतजन्म आणि नवजात मृत्यू जास्त दिसले, सांधे-त्वचेचे दाहजन्य आजारही.

सीटीत टोचतात ते आयोडीनचं औषध वेगळं. तेही नाळ ओलांडतं, पण त्याने व्यंग होतं असं आढळलेलं नाही. गरज असेल तर देतात, जन्मल्यावर बाळाची थायरॉइड तपासणी करतात, जी तशीही करायचीच असते. अंगावर पाजणाऱ्या आईने सीटीच्या औषधानंतर दूध पिळून टाकायची गरज नाही. औषधाचा एक टक्क्याहून कमी भाग दुधात येतो आणि बाळाच्या आतड्यातून त्यातलाही एक टक्क्याहून कमी रक्तात जातो. साध्या एक्स-रेनंतर दूध 'खराब' होतं ही तर निव्वळ अफवा. मशिन बंद झालं की किरण संपले, अंगात काही उरत नाही.

फिल्मबॅज

अंगात उरतं ते न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये. तिथे औषधच किरणोत्सर्गी असतं. हाडांच्या स्कॅनचं टेक्नेशियम सहा तासांत निम्मं होतं, गर्भाला ४ ते ५ मिलिग्रे देतं. ते लघवीतून बाहेर पडतं आणि मूत्राशय गर्भाशयाला लागूनच असतं, म्हणून भरपूर पाणी पिऊन दर तासा-दीड तासाने लघवीला जायचं. डोस कमी करण्याचा याहून सोपा उपाय नाही.

थायरॉइडसाठीचं आयोडीन-१३१ गरोदरपणात अजिबात नाही. ते आठ दिवसांत निम्मं होतं. गर्भाची स्वतःची थायरॉइड १० ते १२ आठवड्यांच्या सुमारास आयोडीन ओढायला लागते आणि त्यानंतर हे औषध तिला जाळून टाकतं. म्हणून ते देण्याआधी गर्भचाचणी करायची, आणि उपचारानंतर सहा महिने दिवस जाऊ द्यायचे नाहीत. घरात कुणी हे औषध घेऊन आलं असेल आणि सून गरोदर असेल, तर डॉक्टरांनी दिलेले दिवस तिने माहेरी राहावं. दोन खोल्यांच्या घरात अंतर ठेवायला जागा कुठे असते?

सोनोग्राफीवाली

सोनोग्राफीत एक्स-रे नसतात, तरी पहिल्या तीन महिन्यांत 'ठोके ऐकवा' म्हणून रंगीत किंवा स्पंद डॉप्लर लावू नये. तो ऊर्जा एकाच जागी सोडतो आणि ऊतक गरम होऊ शकतं. ठोके मोजायला एम-मोड, म्हणजे ठोक्यांची हालचाल रेघेत दाखवणारी साधी पद्धत, पुरतो. पडद्याच्या कोपऱ्यात टीआय (ऊतक किती तापू शकतं त्याचा अंदाज) लिहिलेला असतो, तो लवकरच्या गर्भासाठी ०.७ च्या आत ठेवला की निर्धास्त. ११ ते १४ आठवड्यांत डॉप्लर लागलाच तर तो १ च्या वर जाऊ द्यायचा नाही, आणि काम झालं की हात उचलायचा.

जाताना डॉक्टरांची चिठ्ठी आणि ओळखपत्र न्या. गर्भलिंग तपासणी रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्याखाली प्रत्येक गरोदर बाईचा 'एफ' अर्ज भरावाच लागतो. सरकारी डागा रुग्णालयात जा की रामदासपेठेतल्या खासगी केंद्रात, यातून सूट नाही. त्यात खाडाखोड झाली तर केंद्र अडचणीत येतं, म्हणून तिथली बाई पत्ता दोनदा विचारते. चिडू नका.

सदर_छावणी

दहा दिवसांचा नियम म्हणजे नेमकं काय? पाळीच्या दहा दिवसांनंतर कुठलाच एक्स-रे काढायचा नाही, असं ऐकलंय.

कोलिमेटर

जुना नियम तसा होता, तोही फक्त ओटीपोटाच्या, तातडी नसलेल्या तपासण्यांपुरता. आता साध्या एक्स-रेला २८ दिवसांचा नियम चालतो. पाळी चुकलेली नसेल तर काढायचा. चुकली असेल किंवा शंका असेल तर आधी लघवीची चाचणी. दहा दिवसांचा नियम उरलाय तो जास्त डोसच्या तपासण्यांना: ओटीपोटाचं सीटी, बेरियम एनिमा (मोठ्या आतड्यात औषध सोडून काढलेले एक्स-रे). गर्भनळ्यांची एचएसजी (नळ्यांत औषध सोडून काढलेला एक्स-रे) तर पाळी थांबल्यावर, साधारण सहाव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यानच करतात. छाती, दात, गुडघा यांना यातला कुठलाही नियम अडवत नाही.

चाचणीचा एक सापळा. पाळी चुकायच्या आधी केलेली लघवीची चाचणी 'नाही' दाखवू शकते, हार्मोन तेवढं चढलेलंच नसतं. मोठ्या डोसची तपासणी असेल तर रक्तातलं तेच हार्मोन, म्हणजे बीटा-एचसीजी, तपासा.

आणि प्रश्न विचारायची पद्धत. सासू, नवरा, रांगेतली दहा माणसं यांच्यासमोर 'काय हो, गरोदर आहात का?' म्हटलं की मुलगी 'नाही'च म्हणणार. तिला आत घ्या, दार लावा, आणि 'शेवटची पाळी कधी आली?' असं विचारा. तारीख चिठ्ठीवर लिहून घ्या. दारावर सूचनेचा फलक असतोच, पण तो वाचतं कोण.

फिल्मबॅज

एक्स-रे केंद्रात काम करणाऱ्या मुलींसाठी थोडकं. दिवस गेल्याचं कळल्यावर केंद्राच्या रेडिऑलॉजिकल सेफ्टी ऑफिसरला लेखी कळवायचं. तिथून पुढे गर्भाला उरलेल्या काळात १ मिलिसीव्हर्टच्या आत ठेवायची जबाबदारी केंद्राची. नोकरी सोडायची गरज नाही. भिंतीआडून साधे एक्स-रे काढत राहता येतं. पोर्टेबल एक्स-रे, कॅथलॅब (हृदयाच्या नळ्यांची तपासणी) आणि आयोडीनची कामं दुसऱ्याला द्यायची. टीएलडी बिल्ला (अंगावर पडलेले किरण मोजणारा) अ‍ॅप्रनच्या आत लावायचा. अ‍ॅप्रन एक्स-रेच्या खोलीत टांगून बिल्ला त्यालाच चिकटलेला राहिला, तर तीन महिन्यांनी येणारा आकडा त्या खुंटीचा असतो.

नागनदी

शेवटचं. दोन वर्षांच्या पोराचा एक्स-रे आहे, माय पोटुशी आहे. पोराले धरायचं कोणं?

कोलिमेटर

आईने नाही. तिने दाराबाहेर. खोलीत एक मीटरवरही विखुरलेला भाग मूळ झोताच्या हजाराव्या हिश्शाएवढाच असतो, पण तो घ्यायचं तिला कारणच नाही. आधी वाळूच्या पिशव्या आणि पट्टा लावून बघायचं. जमलं नाही तर बाप.

नागनदी

अन् बाप ड्यूटीवर असला त?

कोलिमेटर

मग आजी. अ‍ॅप्रन चार-पाच किलोचा असतो, तिला आधी खुर्चीवर बसवा.